रंगपेटीवरचं नाव : लुई प्रँग



गेल्या डिसेंबरात आपल्या मंडळाने मुलांसाठी हाताने ख्रिसमस कार्डं बनवायची कार्यशाळा ठेवली होती, ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. लायब्ररीच्या तळघरातला हॉल, चार लांब टेबलं, जमिनीवर पसरलेली वर्तमानपत्रं आणि बावीस मुलं. रबरी ठसे आणि शाईचे पॅड आम्ही दुकानातून आणले होते, पण खरी गर्दी झाली ती भेंडीच्या ठशांभोवती! भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल तयार होतं, हे इथे वाढलेल्या मुलांना ठाऊकच नव्हतं. लाल रंगात बुडवलेली भेंडी कागदावर उमटली की अगदी पॉइनसेटियासारखी दिसते. कोणी जुन्या टूथब्रशने पांढऱ्या रंगाचे शिंतोडे उडवून बर्फ पाडला, कोणी रंगात बुडवलेला दोरा घडी घातलेल्या कागदातून ओढून नक्षी काढली. भारतातून आलेल्या एका आजींनी तर मेणबत्तीने कोऱ्या कागदावर काहीतरी गिरवलं आणि वरून निळ्या जलरंगाचा हात फिरवला. पांढरीशुभ्र झाडं आणि पांढरं घर एकदम वर उमटलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आवराआवर करताना एका आठ वर्षांच्या मुलाने रंगपेटीच्या झाकणाकडे बोट दाखवून विचारलं, "हा प्रँग कोण?" आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गेली कित्येक वर्षं शाळेच्या सामानाच्या यादीप्रमाणे आम्ही त्या नावाच्या पेट्या विकत घेतोय, पण ते एखाद्या माणसाचं नाव असेल असं कधी मनातही आलं नव्हतं. मुलाला म्हटलं, शोधून सांगतो. शोधायला बसलो आणि पाहतो तर काय, ज्यांच्या रंगांनी आम्ही ख्रिसमस कार्डं रंगवत होतो, त्यांनाच अमेरिकन ख्रिसमस कार्डाचे जनक म्हणतात. शिवाय ते आपल्यासारखेच, बाहेरून येऊन इथे स्थायिक झालेले. म्हणून हा लेख.

लुई प्रँग यांचा जन्म १२ मार्च १८२४ चा, ब्रेस्लाऊ गावचा. तेव्हा हे शहर प्रशियात होतं, आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याला व्रोत्सवाफ म्हणतात. वडिलांचा छापील कापडाचा धंदा होता. लुई लहानपणी सारखा आजारी असायचा, त्यामुळे शाळा अशी फारशी झालीच नाही. मग वडिलांनी त्याला हाताशी घेतलं. कापडावर ठसे कसे उमटवायचे, ते कोरायचे कसे, रंग कसे कालवायचे, कोणता रंग पक्का आणि कोणता धुण्यात जाणारा, हे सगळं तो पोरवयातच शिकला. आपल्याकडे पोर शाळेत जात नाही म्हटलं की घरात केवढा घोर लागतो! पण या मुलाच्या पुढच्या साऱ्या आयुष्याची शिदोरी त्या रंगाच्या पातेल्यांतच होती.

विशीत तो बोहेमियात आणि आसपासच्या देशांत छपाईची आणि कापडाची कामं करत फिरला. तेवढ्यात १८४८ साल उजाडलं. युरोपभर राजेशाह्यांविरुद्ध उठाव झाले. तरुण प्रँगही त्यात उतरले, उठाव फसले आणि प्रशियाचं सरकार मागे लागल्यावर त्यांना स्वित्झर्लंडला पळावं लागलं. तिथून १८५० मध्ये ते अमेरिकेला आले आणि बोस्टनला राहिले. त्या वर्षांत असे हजारो जर्मन इथे आले. आपल्यातले बहुतेक जण शिक्षणाला किंवा नोकरीला आलो. मनात आलं की तिकीट काढून परत जाता येतं. प्रँग यांना तसं जाता येत नव्हतं, हा फरक मोठा आहे.

सुरुवातीची वर्षं फार काही बरी गेली नाहीत. वास्तुकलेची पुस्तकं काढून पाहिली, ती चालली नाहीत. चामड्याच्या वस्तू करून पाहिल्या, त्यातही जम बसला नाही. मग लाकडाचे ठोकळे कोरायला शिकून ते एका सचित्र साप्ताहिकासाठी काम करू लागले. मधल्या काळात, १८५१ मध्ये, रोझा गर्बर या स्विस मुलीशी त्यांचं लग्न झालं. शेवटी १८५६ मध्ये ज्यूलियस मेयर नावाच्या भागीदाराबरोबर त्यांनी छोटासा शिळाप्रेस काढला. प्रेस म्हणजे हाताने चालवायचं एकच यंत्र! प्रँग दगडावर चित्र काढणार, मेयर छापणार. त्यांच्या पहिल्या रंगीत कामांतलं एक म्हणजे बायकांच्या मासिकासाठी छापलेला गुलाबांचा गुच्छ, चार रंगांतला. १८६० मध्ये धंदा एकट्या प्रँग यांच्याकडे आला आणि 'एल. प्रँग अँड कंपनी' सुरू झाली.

इथे जरा थांबून शिळाप्रेस म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय या माणसाचा मोठेपणा कळायचा नाही. आजींची ती मेणबत्ती आठवा. मेण तेलकट, जलरंगात पाणी, आणि तेल-पाण्याचं जमत नाही. बस्स, शिळाप्रेसचं सगळं गुपित एवढंच आहे. बव्हेरियातला एक गुळगुळीत चुनखडीचा दगड घ्यायचा, त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचं, तेही उलटं, आरशात दिसेल तसं. मग दगड पाण्याने ओला करायचा. जिथे खडू फिरला आहे तिथे पाणी थांबत नाही. आता तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्रावर धरते, ओल्या दगडावर धरत नाही. वर कागद ठेवून दाबला की चित्र सुलटं उमटतं.

हे झालं एका रंगाचं. रंगीत चित्र हवं असेल तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड. मूळ तैलचित्र समोर ठेवून कारागीर आधी ठरवणार की यात पिवळा कुठे कुठे आहे, अगदी हिरव्याच्या पोटातलासुद्धा, आणि तेवढाच पहिल्या दगडावर काढणार. मग फिकट गुलाबी, मग निळा, असं करत करत वीस-वीस, कधी त्याहूनही जास्त दगड. तोच कागद प्रत्येक दगडावरून जाणार, मध्ये वाळणार आणि दर वेळी केसाइतकाही न सरकता त्याच जागी बसणार. आमच्या कार्यशाळेत दोन ठसे एकावर एक मारताना सांताची टोपी त्याच्या कानावर आली होती, तेव्हा वीस दगडांचं गणित काय असेल याचा अंदाज तुम्हीच करा. एक चित्र दगडांवर उतरवायलाच महिनोन्‌महिने लागत. आणि हो, आधी फिकट मग गडद, हा आपण मुलांना सांगितलेला नियमही तिथलाच!

१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि चैनीच्या चित्रांना गिऱ्हाईक उरलं नाही. प्रँग यांनी लगेच नकाशे काढले. चार्ल्स्टन बंदर आणि फोर्ट सम्टर यांचा नकाशा तर युद्धाच्या बातमीपाठोपाठ बाजारात आला. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी एक युक्ती काढली : रोज तारेने येणाऱ्या बातम्या वाचून लोकांनी आपल्या हाताने लाल-निळ्या पेन्सिलींनी सैन्याच्या जागा मांडत जायच्या, असा नकाशा. ज्यांची मुलं लढाईवर होती त्या घरांत संध्याकाळी या नकाशाभोवती माणसं कशी बसत असतील, ते वेगळं सांगायला नको. पेन्सिल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, ही प्रँग यांची खोड पुढेही कायम राहिली.

१८६४ मध्ये ते युरोपला जाऊन आले आणि तिथली नवी रंगीत छपाई डोळ्यांखालून घातली. परत आल्यावर त्यांनी मोठमोठ्या चित्रकारांची तैलचित्रं हुबेहूब छापायला सुरुवात केली. या चित्रांना ते 'क्रोमो' म्हणत. कोंबडीची पिल्लं, अनवाणी उभा असलेला खेड्यातला मुलगा, सूर्यास्त, फळांच्या परड्या... मूळ चित्राला शेकडो डॉलर मोजावे लागत, त्याचा क्रोमो चार-पाच डॉलरांपासून मिळे. शिक्षिका, कारकून, शेतकरी यांच्या भिंतींवर पहिल्यांदाच रंगीत चित्रं आली. १८७० मध्ये हायरम रेव्हल्स हे अमेरिकन सिनेटमध्ये बसणारे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले, तेव्हा प्रँग यांनी त्यांचंही भारदस्त चित्र छापलं. फ्रेडरिक डग्लस यांनी त्याचं मनापासून कौतुक केलं, कारण तोवर कृष्णवर्णीयांची छापील चित्रं म्हणजे बहुतेक टिंगलच असे.

टीका व्हायची ती झालीच. हे खरं चित्र नव्हे, नक्कल आहे. अशाने लोकांची अभिरुची बिघडेल, असं न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांतून लिहून आलं. 'क्रोमो' हा शब्दच काही विद्वानांनी बेगडी संस्कृतीला नाव म्हणून वापरला. आम्हाला हे वाचताना राजा रविवर्म्याचा छापखाना आठवला. तोही १८९० च्या दशकात मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रं जर्मनीची, तंत्र हेच, दगडही तसेच. त्यावरही अशीच नाकं मुरडली गेली. पण आपल्या आजोळच्या देवघरात लक्ष्मी आणि सरस्वती आल्या त्या तिथूनच, नाही का? आम्हाला विचाराल तर आम्ही प्रँग यांच्याच बाजूने. ज्यांच्या घरी चित्रं होती, त्यांनीच ती टीका केली.

आता मुख्य गोष्ट, कार्डाची. पहिलं छापील ख्रिसमस कार्ड प्रँग यांचं नव्हे. ते १८४३ मध्ये लंडनला हेन्री कोल या उद्योगी सरकारी अधिकाऱ्याने जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून करवून घेतलं. गंमत म्हणजे रेषा तेवढ्या छापलेल्या होत्या, रंग हाताने भरलेले होते. सुमारे हजार प्रती, किंमत एक शिलिंग. चित्रात कुटुंबातलं लहान मूलही वाइनच्या पेल्याला तोंड लावताना दिसतं म्हणून दारूबंदीवाले चिडले होते! अमेरिकेतही १८५० च्या सुमारास ऑल्बनीच्या एका दुकानदाराने एक कार्ड छापलं होतं. पण प्रथा अशी पडली नव्हती.

१८७३ मध्ये व्हिएन्नाला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. प्रँग यांनी तिथे आपली व्यवसायाची कार्डं वाटली. त्यांवर फुलं छापलेली आणि नाव घालायला मोकळी जागा ठेवलेली. ती कार्डं पाहून त्यांच्या लंडनच्या एजंटाच्या पत्नीने सुचवलं, की या मोकळ्या जागेत नाताळच्या शुभेच्छा छापून पाहा. प्रँग यांनी ऐकलं. १८७४ मध्ये ती कार्डं इंग्लंडात विकली गेली, १८७५ मध्ये अमेरिकेत आली. हल्लीच्या कार्डांसारखा त्यांवर सांता नव्हता की बर्फ नव्हता. काळ्याभोर पार्श्वभूमीवर एखादं लालचुटूक फूल आणि खाली शुभेच्छा, बस्स. पण ते फूल इतकं जिवंत असे की लोक कार्डं फेकत नसत, वहीत चिकटवून ठेवत. पुढे रेशमाची झालर आणि गोंडे लावलेलीही निघाली.

बोस्टनच्या रॉक्सबरी भागात त्यांचा कारखाना होता. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथून वर्षाला सुमारे ५० लाख ख्रिसमस कार्डं बाहेर पडत होती. कारखान्यात बायका मोठ्या संख्येने कामाला होत्या आणि चित्रकार म्हणूनही प्रँग यांनी बायकांना काम दिलं. फिडेलिया ब्रिजेस यांची पक्ष्यांची आणि रानफुलांची कार्डं तर वर्षानुवर्षं निघत राहिली. १८८० मध्ये प्रँग यांनी न्यूयॉर्कला ख्रिसमस कार्डाच्या चित्रांची जाहीर स्पर्धा भरवली. बक्षिसं हजार, पाचशे, तीनशे आणि दोनशे डॉलरची. तेव्हा हजार डॉलर म्हणजे कित्येकांची दोन वर्षांची कमाई! त्या वर्षी हजार डॉलर मिळवणारी होती रोझिना एमेट, पंचविशी-सव्विशीतली मुलगी. पुढच्या वर्षीच्या विजेत्यांत एलिहू व्हेडर यांच्यासारखे नावाजलेले चित्रकार होते आणि डोरा व्हीलर ही आणखी एक तरुण मुलगीही होती. निवडलेली चित्रं गॅलरीत मांडत आणि लोक ती पाहायला गर्दी करत. कार्डासाठी चित्र काढणं हे कमीपणाचं काम नाही, हे प्रँग यांनी असं पैसे मोजून आणि भिंतीवर टांगून सिद्ध केलं.

आणि मग, ज्या जर्मनीतून ते ही विद्या पाहून आले होते, तिथूनच स्वस्त कार्डांचे गठ्ठे यायला लागले. कमी रंग, हलका कागद, किंमत अगदी थोडी. प्रँग यांच्यापुढे दोन वाटा होत्या. आपणही दगड कमी करायचे, नाहीतर धंदा सोडायचा. त्यांनी दगड कमी केले नाहीत. १८९० च्या दशकात त्यांनी ख्रिसमस कार्डं छापणं हळूहळू बंद केलं. ज्या माणसाने या देशाला कार्ड पाठवायची सवय लावली, त्याच्याच कारखान्यातून नाताळात कार्डं निघेनाशी झाली. १८९७ मध्ये कंपनी दुसऱ्या एका कंपनीत विलीन झाली आणि टेबर-प्रँग नावाने स्प्रिंगफील्डला गेली. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या वॉल्टर्स यांच्या चिनी मातीच्या भांड्यांच्या संग्रहावरचा एक ग्रंथ निघाला, त्यात प्रँग यांनी छापलेली ११६ रंगीत चित्रं होती आणि प्रती काढल्या अवघ्या ५००. चित्रं पाहताना भांड्यावर बोट फिरवून पाहावंसं वाटतं! धंदा म्हणून हे वेडेपणाचंच होतं, पण आम्हाला तो वेडेपणा आवडला.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर आमच्या त्या छोट्या मित्राच्या रंगपेटीवर हे नाव आलंच नसतं. प्रँग यांना आधीपासून एक गोष्ट खुपत होती. लोकांना चांगलं चित्र ओळखता यावं असं वाटत असेल, तर त्यांनी लहानपणी स्वतः हातात कुंचला धरायला हवा. १८७० मध्ये मॅसॅच्युसेट्सने मोठ्या गावांत चित्रकलेचे मोफत वर्ग काढण्याचा कायदा केला आणि वर्ग लावायला इंग्लंडहून वॉल्टर स्मिथ यांना बोलावलं. त्यांची पुस्तकं प्रँग यांनी छापली. हे स्मिथ लंडनच्या साऊथ केन्सिंग्टनच्या पठडीतले, आणि ती पठडी घालणारे कोण? तेच, पहिल्या कार्डाचे हेन्री कोल! त्याच पठडीतले शिक्षक मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्येही आले. आपण शाळेत असताना 'एलिमेंटरी' आणि 'इंटरमिजिएट'ला बसून स्थिरचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र काढायला घाम गाळला, त्याचं मूळही तिकडचंच. बोस्टनच्या शाळेतला मुलगा आणि गिरगावातला मुलगा, दोघंही एकाच वेळी शंकू आणि घनाच्या सावल्या काढत बसले होते म्हणायचे.

१८८२ मध्ये प्रँग यांनी शिक्षणासाठी वेगळी कंपनी काढली. चित्रकलेच्या वह्या, लाकडी गोल, शंकू, शाळेत परवडतील असे जलरंग, शिक्षकांसाठी टपालाने चालणारे वर्ग, सगळं तिथून मिळे. हे काम पुढे नेलं सिरॅक्यूजहून आलेल्या मेरी डेना हिक्स या विधवा शिक्षिकेने. कित्येक वर्षं दोघांनी बरोबर काम केलं. रोझाबाई १८९८ मध्ये वारल्या आणि १९०० मध्ये शहात्तर वर्षांच्या प्रँग यांनी त्रेसष्ट वर्षांच्या मेरीबाईंशी लग्न केलं. मेरीबाईही काही साध्या नव्हत्या. प्रँग गेल्यावर त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. १९१६ मध्ये रॅडक्लिफची पदवी घेतली आणि १९२१ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, हार्वर्डची शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी! परीक्षेच्या नावाने कपाळाला आठ्या घालणाऱ्या आपल्या मुलांना हे जरूर सांगा.

लुई प्रँग १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात असताना वारले. वय पंच्याऐंशी. बोस्टनच्या फॉरेस्ट हिल्स स्मशानभूमीत त्यांना पुरलं आहे. छापखान्याचे दगड गेले, कार्डं संग्रहालयांत गेली. रंगांचं नाव मात्र पुढे ओहायोच्या एका क्रेयॉन कंपनीकडे आणि तिथून आणखी पुढे गेलं आणि अजून दुकानात मिळतं. बोस्टन पब्लिक लायब्ररीत त्यांच्या छापील चित्रांचा मोठा संग्रह आहे. आम्ही त्यातली कार्डं पाहिली. एका कार्डावरच्या जांभळ्या फुलाकडे भिंगातून पाहिलं, तर त्यात जांभळा रंग कुठे नव्हताच. नुसते गुलाबी आणि निळे ठिपके, एकमेकांना खेटून. कोणीतरी एकेक करून दगडावर काढलेले.

आमच्या छोट्या मित्राला हे सगळं फोनवर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ते पण मेणबत्ती वापरायचे?" आम्ही म्हटलं, जवळजवळ.

या वर्षीची कार्यशाळा डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी दुपारी दोन वाजता, त्याच हॉलमध्ये आहे. ठसे, शाई आणि जाड कागद मंडळाकडून मिळतील. येताना प्रत्येक मुलाने एक जुना टूथब्रश, एक पांढरी मेणबत्ती आणि दोन-तीन जून भेंड्या आणाव्यात. कोवळी भेंडी दाबली की चेपते, ठसा नीट येत नाही. मोठ्यांनीही बसायला हरकत नाही, गेल्या वर्षी दोन बाबा आधी नुसते उभे होते आणि शेवटी त्यांनाच उठवावं लागलं!